समुद्रात वस्ती नसते, म्हणून…

भर समुद्रात तेलविहीर खणायची असो, वाळू उपसायची असो की स्मारक उभारायचे असो, त्याचे पर्यावरणीय परिणाम आधी तपासले पाहिजेत, हे तत्त्व आता कोणी नाकारत नाही. प्रश्न आहे तो तपासणीच्या मोजपट्टीचा. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने देशातील पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची चौकट घालून दिली. जनसुनावणी जिल्हावार आणि प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट व्हावी, असे ती सांगते. खोल समुद्रात मात्र ना जिल्हा असतो, ना गावठाण. जमिनीसाठी बेतलेला हा अंगरखा समुद्राला बसत नाही, आणि तो नीट बेतण्याऐवजी सुनावणीच वगळण्याकडे शासनाचा कल दिसतो.

अरबी समुद्रातील शिवस्मारकासाठी फेब्रुवारी २०१५ मध्ये किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत दुरुस्ती झाली. पुनर्वसनाचा प्रश्न नसेल किंवा स्थळ मानवी वस्तीपासून दूर असेल, तर जनसुनावणीतून सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. स्मारकाच्या जागेवर कोणी राहत नव्हते, हे खरे. पण तेथे मासेमारी करणारे होते आणि त्यांच्या संघटनांचा विरोधही होता. सुनावणी टाळून वेळ वाचला, असेही नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये काम थांबले.

जानेवारी २०२० मध्ये तेल व वायूचे शोधकार्य ‘अ’ वर्गातून ‘ब-२’ वर्गात टाकण्यात आले. या वर्गाला ना मूल्यांकन अहवालाची अट, ना जनसुनावणीची. शोधकार्य अल्पकालीन असते आणि प्रत्यक्ष उत्पादन ‘अ’ वर्गातच आहे, हा बचाव अगदीच निराधार नाही. तथापि, शोधविहीर हीदेखील विहीरच असते. खोदकामाचा गाळ आणि गळतीचा धोका तिलाही चुकत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने सागरी खनिजांच्या १३ ब्लॉकचा लिलाव जाहीर केला. त्यांतील तीन केरळजवळच्या वाळूचे होते. मच्छीमार रस्त्यावर उतरले आणि मार्च २०२५ मध्ये केरळ विधानसभेने विरोधाचा ठराव केला. जे म्हणणे आधी ऐकून घ्यायचे, ते नंतर आंदोलनातून ऐकावे लागते, याचा हा ताजा दाखला.

दुसरी उणीव शास्त्रीय आहे. प्रचलित पद्धतीत पावसाळा वगळून एका हंगामाची माहिती बहुधा पुरेशी मानली जाते. पश्चिम किनाऱ्यावर मात्र माशांच्या प्रजननासाठी जून-जुलैमध्येच यांत्रिक मासेमारी बंद ठेवतात. ज्या काळाला एक कायदा संरक्षण देतो, तोच काळ दुसऱ्या कायद्याच्या पाहणीतून गळतो.

उपाय अवघड नाहीत. सातपाटी, वर्सोवा वा करंजाची नौका मासळीच्या मागे कुठवर जाते, याची माहिती मच्छीमार सहकारी संस्थांकडून घेता येईल. सुनावणी ‘निकटच्या’ जिल्ह्यात न घेता, त्या पाण्यावर पोट असलेल्यांच्या बंदरांत घेता येईल आणि पाहणीत प्रजननकाळ सक्तीचा करता येईल. कायद्याने वस्ती न मोजता उपजीविका मोजली, तर समुद्र निर्मनुष्य असल्याचा त्याचा समज आपोआप दूर होईल.