ज्या हाताने घाव घातले, त्याच हातावर राखी

बहुतेक घरांत एखादा राग जपून ठेवलेला असतो. कुणाचा भावाशी जमिनीच्या वाटणीवरून, तर कुणाचा जावेशी लग्नातल्या मानपानावरून. वर्षे लोटतात, भांडणाचे मूळ कारणही नीटसे आठवत नाही, पण अबोला कायम राहतो. 'आधी त्यांनी यावे, मग बघू' हेच वाक्य दोन्ही घरांत बोलले जाते. असे वाक्य ओठांवर येईल तेव्हा केरळमधल्या एका ख्रिस्ती कुटुंबाची हकीकत जरूर आठवावी. या कुटुंबाला मानपानाचे दुःख नव्हते. त्यांची मुलगीच मारली गेली होती.

एर्नाकुलम जिल्ह्यातील पुल्लुवळी हे त्यांचे गाव. 1954 मध्ये जन्मलेली राणी मारिया तरुणपणीच फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या संघाची धर्मभगिनी झाली आणि पुढे सेवेसाठी मध्य प्रदेशात गेली. 1992 पासून ती इंदूरजवळच्या उदयनगर भागात राहत होती. तिथले गरीब शेतमजूर आणि आदिवासी सावकारांच्या कर्जात बुडालेले होते. त्यांना एकत्र आणणे, बचतीची सवय लावणे, सरकारी योजनांची माहिती देणे हे तिचे काम. साहजिकच ती सावकारांच्या डोळ्यांत सलू लागली. 25 फेब्रुवारी 1995 रोजी ती बसने इंदूरला निघाली असताना समंदर सिंह नावाच्या तरुणाने वाटेत तिच्यावर सुऱ्याने हल्ला केला. तिच्या अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. बस उतारूंनी भरलेली होती, पण मध्ये पडायला कुणी धजावले नाही.

समंदर सिंहला जन्मठेप झाली. ज्यांनी चिथावले ते बाहेर मोकळे आणि आपण आत, या विचाराने तो तुरुंगात धुमसत होता. सुटल्यावर चिथावणाऱ्याचाही काटा काढायचा, असे त्याने मनाशी ठरवले होते. म्हणजे द्वेषाचा एक बळी झाला होता आणि दुसऱ्याची तयारी चालू होती. अशा वेळी स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटू लागले.

इकडे राणी मारियाची धाकटी बहीण सेल्मी पॉल हीही त्याच संघाची धर्मभगिनी होती. बहिणीचा मारेकरी समोर आला तर काय करावे, हा प्रश्न तिच्यापुढे होता. त्याचे उत्तर तिला आईकडून मिळाले. आई एलिश्वाने एकदा लेकीजवळ मन मोकळे केले. त्या मुलाचे हात एकदा हाती घ्यावेत, त्यांचे चुंबन घ्यावे, कारण त्या हातांना आपल्या मुलीचे रक्त लागले आहे, अशी तिची इच्छा होती!

2002 साली राखीपौर्णिमेला सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेली. ज्या हाताने बहिणीवर घाव घातले होते, त्याच हातावर तिने राखी बांधली आणि त्याला भाऊ म्हटले. पुढे त्याच्या सुटकेसाठी या कुटुंबानेच अर्ज केला. 2006 मध्ये तो सुटला. पुढच्याच वर्षी तो पुल्लुवळीला गेला, तेव्हा त्या वृद्ध आईने खरोखरच त्याचे हात हाती घेऊन त्यांचे चुंबन घेतले. सूड घ्यायला निघालेला तो माणूस शेतीकडे वळला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारियाला 'धन्य' घोषित करण्यात आले. संतपदाच्या वाटेवरची ही पायरी मानली जाते. त्या सोहळ्याला समंदर सिंहही हजर होता.

या माणसांना राग आला नसेल का? आला असेलच. पण राग टिकतो कशावर? मी उंचावर आहे आणि समोरचा खाली, या भावनेवर. ख्रिस्ती शिकवण नेमका इथेच घाव घालते. ख्रिस्ती माणूस रोजच्या प्रार्थनेत देवाकडे स्वतःसाठी क्षमा मागतो, पण आपणही इतरांना क्षमा करतो, असे त्याला त्याच श्वासात म्हणावे लागते. क्षमा करणाराही मुळात क्षमा मागणाराच, हे ज्याला पटले त्याची मान आपोआप झुकते. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले. त्याला शत्रूच्या हाती देणारा यहूदाही त्या शिष्यांत होता.

नम्रता म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे असा मात्र अर्थ कुणी घेऊ नये. न्यायालयाने आपले काम केले आणि समंदर सिंहने अकरा वर्षे तुरुंगात काढली. राणी मारिया स्वतः तर अन्यायाविरुद्धच उभी होती. गुन्ह्याला शिक्षा असावी, पण ती भोगून झाल्यावरही द्वेष पोसत राहिले, तर जन्मठेप आपल्यालाच होते.

आईला हे आधी उमगले, मुलीला तिच्यामुळे आणि मारेकऱ्याला त्या दोघींमुळे. नम्रता अशीच एकाकडून दुसऱ्याकडे जाते, पण आधी कुणीतरी वाकावे लागते. वाटणीवरून बंद झालेल्या दारापर्यंतचे अंतर पुल्लुवळी ते इंदूर एवढे खचितच नसते. येत्या सणाला ते दार आपणच ठोठावले तर?