सदुसष्ट माणसं

दोन वर्षांपूर्वी भाच्याकडे लिव्हरपूलला गेले होते. एका रविवारी तो म्हणाला, "मावशी, चल, वेल्समध्ये एक तलाव दाखवतो." मला वाटलं, असेल आपलं बोटिंग वगैरे.

बाला नावाचं गाव ओलांडून थोडं पुढे गाडी थांबली. समोर निळंशार पाणी, डोंगर, मेंढ्या. अगदी कॅलेंडरवर छापावं असं. मग त्याने सांगितलं की या पाण्याखाली कापेल केलिन नावाचं गाव होतं. माझा मूडच गेला. का, ते पुढे सांगते.

गाव म्हणजे एक चॅपेल, एक शाळा, एक पोस्ट आणि डझनभर घरं-शेतवाड्या. त्रिवेरिन नदीच्या त्या खोऱ्यात ६७ माणसं राहायची, त्यातल्या ४८ जणांची घरं गेली. शाळेत, चॅपेलमध्ये, कुंपणावरून गप्पा मारताना, सगळीकडे वेल्श भाषा. लिव्हरपूल महापालिकेला शहरासाठी आणि कारखान्यांसाठी पाणी हवं होतं. १९५६ च्या नोव्हेंबरात गावकऱ्यांनी पोराबाळांसकट लिव्हरपूलला जाऊन मोर्चा काढला. काही उपयोग झाला नाही. १९५७ साली महापालिकेने थेट लंडनच्या संसदेतून कायदा करून घेतला, म्हणजे वेल्समधल्या स्थानिक संस्थांना विचारायलाच नको! वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नव्हतं, तरी मंजूर. १९६३ मध्ये चॅपेलमध्ये शेवटची प्रार्थना झाली. दफनभूमीतले काही मृतदेह दुसरीकडे हलवले, उरलेल्यांवर काँक्रीट ओतलं. ऑक्टोबर १९६५ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं, तेही निदर्शकांच्या आरडाओरड्यात काही मिनिटांत उरकावं लागलं.

लिव्हरपूल महापालिकेने माफी मागितली २००५ साली. चाळीस वर्षांनी.

"पण मावशी," भाचा म्हणाला (इंजिनीयर आहे हो), "एकीकडे ६७ माणसं, दुसरीकडे अख्खं शहर. गणित सरळ आहे."

मला हे गणितच पटत नाही. एक तर ते मांडतो नेहमी पाणी पिणाराच. आणि त्यात फक्त डोकी मोजतात. माणशी भरपाई देता येते, पण चॅपेलमधलं एकत्र गाणं, शाळेतली पोरांची भाषा, अडीनडीला धावणारा शेजार, हे ४८ जणांत कसं वाटून देणार? माणसं पांगली की ते संपलंच. शहराला पाणी देऊच नये असं मी म्हणत नाही. पण ज्यांचं घर जाणार त्यांनी 'नाही' म्हटल्याला काही किंमत असावी की नको? आपल्याकडे मुळशीपासून हेच चालू आहे. सेनापती बापट १९२१ मध्ये याच प्रश्नासाठी उभे राहिले होते.

आता मूड का गेला ते. माझं आजोळ उजनीत गेलं. धरण १९८० मध्ये पुरं झालं, मी तेव्हा एवढीशी, मला गाव आठवतही नाही. आणि आज मी राहते सोलापुरात. माझ्या नळाला उजनीचंच पाणी येतं. म्हणजे या गोष्टीत मी कापेल केलिनची आणि लिव्हरपूलचीही!

वेल्समध्ये एका हमरस्त्याकडेच्या पडक्या भिंतीवर १९६० च्या दशकात कुणीतरी मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं, 'त्रिवेरिनची आठवण ठेवा'. २०१९ मध्ये त्या भिंतीची नासधूस झाली, तर लोकांनी ती पुन्हा उभी केली आणि गावोगावच्या भिंतींवर तेच शब्द रंगवले. आपल्याकडे पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, लोक फोटो काढतात आणि घरी जातात. मीही काढलाय. माझं म्हणणं एवढंच, की सोलापुरात पाण्याच्या एखाद्या टाकीवर तरी बुडालेल्या गावांची नावं लिहावीत. माफीचं नंतर बघू.

परत आल्यावर नानामामांना फोन केला. त्यांनी वेशीपासून एकेक घर सांगायला सुरुवात केली, मी वहीत उतरवून घेतलं. एकवीस घरं झाली. मारुतीच्या देवळामागची तीन त्यांना काही केल्या आठवेनात. आजोळच्या मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल आणि कुणाची घरं होती ते ठाऊक असेल, तर कळवा. मामा रोज विचारतात.