जिवाणूचे दप्तर : लघवीच्या कल्चर-अहवालाचे इतिहासवाचन

(दीर्घ धागा)

१/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, नाणी, मोडी कागद, महसुली दप्तरे अशी यादी आपण पाठ म्हणून दाखवतो. त्या यादीत लघवीच्या कल्चरचा अहवालही असावा, असे माझे मत आहे. हसू नका. विसाव्या शतकाचा एवढा आटोपशीर दस्तऐवज मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

२/ बोदवडला वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत लघवीला आग होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धण्याचे पाणी, सब्जा सुरू होतो. या शब्दातच निदान दडलेले आहे: दोष ऋतूचा. ते निदान अगदीच खोटे नाही. पाणी कमी प्यायले की लघवी कमी होते आणि मूत्राशयातले जिवाणू वेळच्या वेळी धुऊन जात नाहीत. कापसाच्या शेतात राबणारी किंवा बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन बसलेली बाई दिवसभर पाणी टाळते, कारण आडोसा नसतो. म्हणजे ‘उन्हाळी’तला दोष निम्मा उन्हाचा, निम्मा शौचालयाचा.

३/ उरलेला कर्ता एशेरिशिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय. जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये त्याचे वर्णन केले. आपल्या आतड्यात तो निमूटपणे नांदतो; त्याच्या काही जाती मात्र मूत्रमार्गात शिरतात. या जातींच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात आणि तंतूंच्या टोकाला असलेल्या प्रथिनाने त्या मूत्राशयाच्या अस्तराला घट्ट पकडतात. काही तर अस्तराच्या पेशींत शिरून दडून बसतात. औषध संपले की पुन्हा बाहेर. ही झाली रोगकारकता, म्हणजे आजार घडवण्याची ताकद. औषधाला दाद न देणे म्हणजे प्रतिरोध. तो गुण वेगळा. बातम्यांत दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. प्रतिरोधी जिवाणू अधिक उग्र असलाच पाहिजे, असे नाही.

४/ आता अहवाल. घरातल्या एका मावशीचा माझ्या पाहण्यात आला. डावीकडे औषधांची नावे, उजवीकडे ‘आर’ (दाद देत नाही) किंवा ‘एस’ (दाद देतो). अँपिसिलिन आर. नॅलिडिक्सिक अॅसिड आर. सिप्रोफ्लॉक्सासिन आर. सेफोटॅक्झिम आर. खाली नायट्रोफुरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन यांच्यासमोर एस. आपल्या खानदेशात गिरणाकाठी बहाळला, तापीकाठी प्रकाशे येथे उत्खनने झाली. तिथे जसे थर वाचतात, तसे हे ‘आर’ वाचायचे.

५/ तळाचा थर, ऑक्सफर्ड, डिसेंबर १९४०. अब्राहम आणि चेन यांनी ‘नेचर’मध्ये कळवले की पेनिसिलिन नष्ट करणारे विकर जिवाणूंत सापडले आहे. ते ज्या जिवाणूत सापडले त्याचे तेव्हाचे नाव बॅसिलस कोलाय, म्हणजे आपलाच ई. कोलाय. पेनिसिलिनने पहिल्या रुग्णावर उपचार सुरू झाले फेब्रुवारी १९४१ मध्ये. औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी त्याचा उतारा जिवाणूपाशी तयार होता! प्रतिजैविकांचे ‘सुवर्णयुग’ आणि मग ‘ऱ्हास’ अशी जी कालविभागणी आपल्याला शिकवतात, ती मला म्हणूनच पटत नाही. 

६/ आपल्याकडचा अध्याय पिंपरीचा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. आयातीवर जगणाऱ्या देशासाठी ही मोठीच गोष्ट. मूळ पेनिसिलिनचा ई. कोलायवर फारसा जोर नव्हता. तो आला १९६१ च्या अँपिसिलिनमुळे. पण १९६५ मध्ये अथेन्समधल्या एका रुग्णाच्या ई. कोलायमध्ये अँपिसिलिन मोडणारे विकर सापडल्याचे प्रसिद्ध झाले. त्याचे जनुक प्लाझ्मिडवर होते. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे वर्तुळ. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे हस्तांतर होणारा जणू दानपत्राचा कागद.

७/ पुढचा थर. १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक अॅसिड आले. हिवतापावरच्या क्लोरोक्विनच्या निर्मितीत निघालेल्या उपपदार्थातून त्याचा शोध लागला. त्याच कुळातले सिप्रोफ्लॉक्सासिन १९८७ च्या सुमारास बाजारात आले. इकडे १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून अंमलात होता. औषधाच्या रेणूला पेटंट नव्हते, केवळ प्रक्रियेला होते. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी ही औषधे स्वस्तात बनवली. या स्वस्ताईने असंख्य जीव वाचवले, हे आधी मान्य करू. तिनेच सिप्रोला ‘पोट बिघडले, ताप आला, आग झाली’ अशा प्रत्येक तक्रारीवरची गोळी केले, हेही तितकेच खरे.

८/ यानंतरचा थर मुंबईत सापडतो. २००८ मध्ये भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत (होय, लघवीतच) क्लेब्सिएला जिवाणू मिळाला. कार्बापेनेमसारखी राखून ठेवलेली औषधे मोडणारे त्याचे विकर ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेझ’ या नावाने प्रसिद्ध झाले. ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात लेख आला आणि राजधानीचे नाव का दिले, यावर देशात गदारोळ उठला. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये भारतीय नियतकालिकात लिहून ठेवले होते: २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमधल्या २४ कार्बापेनेम-प्रतिरोधी नमुन्यांपैकी २२ मध्ये हे जनुक आहे. परक्याने ठेवलेल्या नावावर आपण चिडलो. घरच्याने दिलेल्या आकड्याकडे फारसे कोणी वळले नाही.

९/ आणि एसटी१३१. ई. कोलायचा हा वंश २००८ मध्ये ओळखला गेला. सिप्रोला तो जुमानत नाही, अनेकदा सेफोटॅक्झिम मोडणारे विकर बाळगतो आणि मूत्रमार्गात पाय रोवण्याची साधनेही त्याच्यापाशी आहेत. वर वेगळे केलेले दोन गुण इथे एका घरी नांदतात.

१०/ आता माझा खरा आक्षेप. ११ डिसेंबर १९४५ च्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली: घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ पेनिसिलिन विकत घेतो, अपुरी मात्रा घेतो, त्याचे प्रतिरोधी जंतू पत्नीला लागतात आणि ती दगावते. दोषी कोण? तो बेफिकीर गृहस्थ. जवळपास ८० वर्षे आपण हीच गोष्ट पोस्टरांवर छापतो आहोत: ‘कोर्स पूर्ण करा’, ‘मनाने गोळी घेऊ नका’. सल्ला म्हणून ठीक. इतिहास म्हणून लंगडा.

११/ कारण कल्चरला दोन दिवस लागतात. तालुक्याच्या गावाहून नमुना शहरात पाठवायचा, त्याचे पैसे भरायचे, एक रोज बुडवायचा, आणि तोवर आग सोसायची. डॉक्टरही मग अंदाजाने औषध देतो. या साखळीत मावशी शेवटची कडी आहे, पहिली नव्हे. खाद्यप्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर भारतात बंदी आली ती जुलै २०१९ मध्ये. माणसांसाठी शेवटचा आधार असलेले ते औषध तोवर कोंबड्यांच्या खाद्यात जात होते. तो कोर्स कोणत्या मावशीने अर्धवट सोडला होता?

१२/ १ मार्च २०१४ पासून ‘अनुसूची एच-१’ लागू झाली. यादीतली प्रतिजैविके विकताना औषधविक्रेत्याने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. नंतर ती रद्दीत गेली तरी कायदा विचारत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या पोटात कालवते. कोणत्या तालुक्यात कोणते औषध किती खपले, याची एवढी चांगली नोंद दुसरीकडे कुठे मिळणार?

१३/ शेवटचे दोन ‘एस’. नायट्रोफुरँटॉइन १९५३ चे. नवी औषधे आल्यावर ते मागे पडले. ते प्रभावी मात्रेत जवळजवळ लघवीतच साठते, म्हणून मूत्राशयाच्या साध्या संसर्गात आजही अनेकदा कामी येते. आयसीएमआरच्या मार्गदर्शिकेतही त्याला स्थान आहे. (मूत्रपिंड कमकुवत असेल तर ते चालत नाही. धागा वाचून गोळी घेऊ नका.)

१४/ जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातल्या कल्चर-अहवालांची बेरीज, म्हणजे कोणते औषध इथे किती चालते याचा एक पानी तक्ता, दरवर्षी मराठीत छापून बोदवड, मुक्ताईनगर, जामनेरच्या प्रत्येक दवाखान्यात लावावा. आणि बाजारात बायकांसाठी पाणी असलेले, कुलूप नसलेले शौचालय. तो खर्च आरोग्याच्या खात्यात टाकायचा की बांधकामाच्या, हे नगरपंचायतीने ठरवावे.