टक्स घालू नका

१९२०च्या दशकातल्या अमेरिकी नमुन्यावरून मी घरात घालायचा पायजमा आणि वरचं सैल जाकीट शिवतेय. त्या काळच्या बऱ्याच कागदी नमुन्यांवर छापील रेघ नसे, पातळ कागदाला नुसती भोकं पाडलेली असत. कुठलं भोक उभ्या धाग्यासाठी, कुठलं चुणीसाठी, हे सोबतच्या पत्रकावरून उलगडायचं. दोन संध्याकाळी मी तेवढंच करत होते, आणि त्या सुखाच्या होत्या.

परवा एका मैत्रिणीने कच्चे टाके घातलेलं जाकीट पाहून सुचवलं, ‘अगं, छातीला टक्स घाल, कमरेत आत घे.’ मला हे अजिबात मान्य नाही. त्या पिढीच्या बऱ्याच बायकांनी आवळणारं कॉर्सेट सोडलं होतं. खांद्यावरून सरळ खाली येणारं कापड हा बेतण्यातला दोष नव्हे, तीच त्यांची मिळकत होती. टक्स घातले की ती आपण परत घेतो.

पायजमा तर हिंदुस्थानातून इंग्रजांनी उचललेला. विलायतेत आधी तो पुरुषांचा रात्रीचा पोशाख झाला, मग या बायकांनी तो दिवाणखान्यात आणि समुद्रकिनाऱ्यावरही घातला. म्हणून मी आसन सैलच ठेवलंय, नेफ्यात नाडी. कापड रेशमी क्रेप. कात्रीखाली ते सरकतं, म्हणून खाली वर्तमानपत्र टाचून दोन्ही एकदम कापते. शिवणी आतून फ्रेंच पद्धतीने बंद केल्यात, कारण असा कपडा थेट अंगाला लागतो.

बाह्या अजून लावायच्या आहेत.