मोठ्यांच्या पोटातले जंत कोण शोधणार?

जंत म्हणजे लहान मुलांचं दुखणं, ही समजूत चेन्नईतही आहे आणि चिपळुणातही. म्हणून चाळिशीतला माणूस ‘पोट गुडगुडतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, जिना चढताना दम लागतो’ असं सांगत आला की त्याला पित्ताची गोळी मिळते, रक्तवाढीचं औषध मिळतं. शौचाची तपासणी बहुधा राहूनच जाते.

राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 साली सुरू झाला. त्या दिवशी 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. काम मोलाचं आहे, पण अर्धं आहे. चेन्नईपासून सुमारे 140 किलोमीटरवरच्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी ‘डीवर्म-3’ प्रकल्पात तिमिरी आणि जवादू डोंगरातली गावं तपासली. तिथे अंकुशकृमीचं प्रमाण वयाबरोबर वाढत गेलेलं दिसलं. ही अळी मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते आणि आतड्यात पोचून वर्षानुवर्षं रक्त पिते. शेतात राबणाऱ्या मोठ्या माणसाला ती गाठणारच.

तपासणी करायची तर नीट करावी. अंकुशकृमीचं अंडं पातळ, पारदर्शक कवचाचं. आत मोजक्या पेशींचा पुंजका. काटो-काट्झ पद्धतीत नमुना ग्लिसरीनमध्ये भिजवलेल्या सेलोफेनखाली दाबतात. ती काच अर्ध्या-एक तासात पाहिली नाही, तर ही अंडी विरून दिसेनाशी होतात. शिवाय अंडी रोज सारखी पडत नाहीत. म्हणून एका नमुन्यावर ‘जंत नाहीत’ हा निकाल मानू नये. वेगवेगळ्या दिवसांचे तीन ताजे नमुने द्यावेत. रक्ताच्या अहवालात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील, तर शोध सोडूच नये.

स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत तर आणखी कावेबाज. तो माणसाच्या शरीरातच पुन्हा संसर्ग घडवत दशकानुदशकं टिकतो. अल्बेंडाझोलच्या एका गोळीची त्यावर खात्री नाही. त्याला आयव्हरमेक्टिन लागतं. आणि निदान न होताच स्टिरॉइड सुरू झालं, तर तो अंगभर पसरून जीव घेऊ शकतो.

पन्नाशीनंतर रक्त कमी झालं तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. कर्करोगही लपलेला असू शकतो. पण तपासण्यांच्या कागदावर शौचतपासणीही लिहिलेली हवी. डॉक्टरांनी ‘अनवाणी काम करता का, शौचाला कुठे जाता’ हे विचारलंच पाहिजे. आणि त्यांनी नाही विचारलं, तर रुग्णाने न लाजता स्वतःहून सांगावं.