मूठभर मका
पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ म्हणजे जीवमात्रास अन्नाचा अंश देणें. परसांतील कोंबड्यांस मुलें मुठी भरभरून मका घालतात, तेव्हां हेतु हाच असतो. मात्रा मात्र चुकते. मक्यांत प्रथिनें शेंकडा सुमारें ९ च. अंडीं घालणाऱ्या कोंबडीच्या खाद्यांत तीं १६ च्या आसपास लागतात. कवचास लागणारा चुना तर मक्यांत नाममात्र. दाण्यांनींच पोट भरलें कीं मिश्रखाद्य मागें राहतें. चरबी वाढते, अंडीं घटतात, कवच पातळ होतें. म्हणून मका एकंदर खाद्याच्या दशांशापेक्षां अधिक नसावा, व तो सायंकाळीं, मुख्य खाद्य झाल्यावर घालावा. बुरशीचा मका ‘आपल्याला नको’ म्हणून त्यांच्यापुढें टाकूं नये. त्या बुरशीचें विष यकृत नासवितें. आपण जें खाणार नाहीं, तें देणें हें दान नव्हे.