नमुन्याचे नुकसान एकट्या कारागिराच्या माथी का?

कच्छमधील धमडका आणि २००१ च्या भूकंपानंतर वसलेले अजरखपूर येथील खत्री कारागिरांची अजरख आपण हौसेने विकतो. पण एका कापडावर चार रंग बसवताना किती कापड वाया जाते, याचा हिशेब आपण व्यापारी ठेवत नाही.

हिरड्यात भिजवलेल्या कापडावर आधी चुना व डिंकाचा ठसा मारतात; तेथे पांढरे राहते. मग गंजके लोखंड व गूळ आंबवून केलेला काळा, त्यानंतर तुरटीचा ठसा. पुढे निळीची बुडी. लाल रंग मात्र शेवटच्या उकळीतच उघडतो. म्हणजे पहिल्या ठशाची चूक अखेरीस कळते. पाणी बदलले तरी रंग बदलतो.

मीही एकदा लाल फिका म्हणून तागे परत केले होते. दुसऱ्या खेपेला त्याच कारागिराने रंग अचूक आणला. नफा मी कमावला, पहिले नुकसान त्याचेच राहिले.

बांधवांनो, हा इन्साफ नव्हे. नवा नमुना सांगताना चाचणीच्या कापडाचे पैसे आगाऊ आणि वेगळे द्या. चुकण्याची ऐपत असेल, तरच कारागीर नवे काही करील.